पहिलं बाळ येणार आहे? दोघांनी मिळून करायची तयारी

गोड बातमी कळली की चहूबाजूंनी सल्ले सुरू होतात, आणि ते सगळे तिलाच. काय टाळायचं, कसं झोपायचं, किती चालायचं, हे सगळं तिला सांगितलं जातं. बाबाच्या वाट्याला येतं ते एकच वाक्य: "तिची काळजी घे." काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. मग बाळ घरी येईपर्यंत सगळी माहिती एकट्या आईच्या डोक्यात साठते, आणि बाळंतपणानंतर सगळ्यात थकलेली असते तीच.

मी एका मुलाची आई आहे. आम्ही दोघांनी ही तयारी कामं वाटून घेऊन केली, आणि पहिले दोन महिने त्यामुळेच निभावले असं मला ठामपणे वाटतं. म्हणून हा लेख दोघांनी शेजारी बसून वाचावा. दुसरी गोष्ट म्हणजे बाळंतपणाचा दिवस एकच असतो, त्यानंतरचे सहा आठवडे जास्त कठीण जातात. तयारी करताना त्या सहा आठवड्यांना निम्मा वाटा तरी द्या. औषधं आणि उपचार यांत अर्थातच शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

१. आधी आठवड्यांचा हिशेब समजून घ्या

गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणून पाळी चुकल्यावर लगेच टेस्ट केली तरी डॉक्टर "पाचवा आठवडा आहे" म्हणतात आणि जोडपी गोंधळून जातात. त्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे पूर्ण झाले की जी तारीख येते ती तुमची तारीख. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख जास्त भरवशाची.

तरी ती तारीख अंदाजाचीच. बाळ ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतं, आणि बरोबर त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. त्यामुळे रजा, प्रवास, मदतीला येणाऱ्या माणसांची तिकिटं यातलं काहीही त्या एका तारखेला बांधून ठेवू नका. ३७ वा आठवडा लागला की "आज रात्री निघावं लागलं तर" अशीच तयारी ठेवायची. आणि महिन्यांत बोलायची सवय सोडा. तपासण्या, लसी, धोक्याच्या खुणा सगळं आठवड्यांवर ठरतं. "कितवा आठवडा?" या प्रश्नाचं उत्तर बाबालाही तोंडपाठ हवं.

याच टप्प्यावर दोन कामं लगेच करायची. पहिलं फोलिक ॲसिडचं. रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या आधीपासून ते १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. बाळाचा मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात ती गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचं कळण्याच्या सुमारास. अजून सुरू केलं नसेल तर आजच डॉक्टरांशी बोला. मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस वेगळा असतो. दुसरं काम सिगारेट आणि दारूचं. गरोदरपणात दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही. सिगारेट मात्र दोघांनी सोडायची आहे, कारण बाबाचा धूरही बाळापर्यंत पोचतो. आधीपासून चालू असलेली औषधं मनानेच बंद करू नका आणि न विचारता चालूही ठेवू नका.

२. एक फाईल करा, आणि ती बाबाकडे द्या

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी नियम. ज्याच्या ताब्यात फाईल, त्याला रिपोर्ट वाचावेच लागतात. फाईलमध्ये हे ठेवा:

- दोघांच्या रक्तगटाचे रिपोर्ट
- सगळ्या सोनोग्राफी आणि रक्त-लघवीच्या तपासण्या, तारखेनुसार लावलेल्या
- चालू औषधांच्या चिठ्ठ्या
- लसी घेतल्याची नोंद
- आधीच्या ऑपरेशनची किंवा आजारपणाची कागदपत्रं
- दोघांची ओळखपत्रं आणि विम्याचे कागद, झेरॉक्ससह
- हॉस्पिटलमध्ये नाव नोंदवल्याचा कागद

सगळ्यात वर एक पान लावा. त्यावर मोठ्या अक्षरात रक्तगट, अपेक्षित तारीख, ॲलर्जी, चालू औषधं, डॉक्टरांचा आणि हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर. ड्युटीवरचे डॉक्टर तुम्हाला ओळखत नसतील तेव्हा त्यांचं काम या एका पानावर होतं. प्रत्येक रिपोर्टचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये हवा. एकाच फोनमध्ये सगळं ठेवलं आणि नेमका तोच बंद पडला, असं बऱ्याच जणांचं होतं.

३. कोणती तपासणी कधी

जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून गरोदरपणात किमान ८ वेळा तपासणीला जायला सांगते, आणि त्यातली पहिली १२ आठवड्यांच्या आत. वेळापत्रक देशानुसार आणि तब्येतीनुसार बदलतं, पण ढोबळमानाने असं धरा:

- ११ ते १४ आठवडे: या काळातल्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात, सोबत रक्ततपासणी होते. ही वेळ निघून गेली की ते मोजमाप पुन्हा करता येत नाही.
- १८ ते २२ आठवडे: बाळाचा प्रत्येक अवयव बघणारी सविस्तर सोनोग्राफी. हिची वेळ आधीच घेऊन ठेवा.
- २४ ते २८ आठवडे: ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी. आधी कधी साखर नव्हती म्हणून ही टाळू नका, गरोदरपणातला मधुमेह बहुधा काहीच लक्षणं न दाखवता येतो.
- साधारण २८ आठवडे: आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन, म्हणजे बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक. आई निगेटिव्ह असेल तर बाबाचा रक्तगट माहीत असायलाच हवा.
- २७ ते ३६ आठवडे: डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणारी लस अनेक देशांत याच काळात देतात. आईच्या शरीरात तयार झालेली संरक्षक द्रव्यं बाळाला जन्माआधीच मिळतात.

"सगळं नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानून परत येऊ नका. रक्तदाब किती, हिमोग्लोबिन किती, वजन किती वाढलं, हे आकडे विचारून लिहून घ्या. पुढे एखाद्या दिवशी रक्तदाब वाढला तर आधीचे आकडे समोर असल्यामुळे तो किती वाढला हे कळतं. प्रश्न घरूनच लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मे विसरायला होतात. बाबाला प्रत्येक भेटीला जमत नसेल तर १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीला आणि शेवटच्या महिन्यातल्या भेटींना तरी त्याने जावं.

४. या खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघू नका

हा भाग बाबाने पाठच करावा, कारण त्रास होत असताना "उगाच कशाला डॉक्टरांना उठवायचं" असं ती हमखास म्हणते.

- अंगावरून रक्त जाणं, किंवा दिवस भरायच्या आधी पाणी जाणं
- थांबत नाही असं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं. २० आठवड्यांनंतर ही वाढलेल्या रक्तदाबाची, म्हणजे प्री-एक्लॅम्पसियाची लक्षणं असू शकतात.
- ताप, किंवा लघवीला जळजळ आणि सोबत पाठदुखी
- तळहात-तळपायांना रात्री वाढणारी खाज. पुरळ नसताना अशी खाज आली तर यकृताची तपासणी लागते.
- एकाच पोटरीत दुखणं आणि सूज
- बाळाची हालचाल कमी होणं

हालचालीबद्दल थोडं जास्त सांगते. पहिल्या खेपेला ती साधारण २० व्या आठवड्याच्या आसपास कळायला लागते. कोणाला आधी, कोणाला नंतर. पुढे प्रत्येक बाळाची आपली एक लय ठरते आणि ती आईला ओळखू येते. "शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं" हा समज चुकीचा आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालीचा प्रकार बदलेल, पण ती कमी व्हायला नको. कमी वाटली तर त्याच दिवशी हॉस्पिटलला जा. तपासून सगळं ठीक निघालं तर आनंदच आहे, आणि पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा जा.

२८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपा. मध्येच जाग आली आणि पाठीवर असाल तर घाबरायचं कारण नाही, फक्त पुन्हा कूस घ्या.

५. बाळ येण्याआधी बोलून घ्यायच्या गोष्टी

ही बोलणी ३० व्या आठवड्याच्या आत उरका. नंतर अंग जड होतं, आणि बाळ आल्यावर तर कोणताही साधा प्रश्न रात्री तीन वाजता भांडण बनतो. एका बैठकीत सगळं संपणार नाही, एका वेळी एकच विषय घ्या.

पैसा: बाळंतपणाचा खर्च, सिझेरियन झालं तर वाढणारा खर्च, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर काय, विमा नेमकं काय देतो आणि काय देत नाही. एक पगार काही महिने कमी येणार असेल तर महिन्याचा हिशेब आत्ताच कागदावर मांडा.

रजा: दोघांची. बाबाची रजा थोडीच असेल तर ती सगळी पहिल्याच आठवड्यात संपवायची का, हा विचार नीट करा. मदतीला माणसं असतील तोवर थोडी राखून ठेवलेली बरी, ती माणसं परतल्यावर खरी गरज पडते.

मदतीची माणसं: घरात कोण येणार, किती दिवस, आणि मुख्य म्हणजे काय करायला. बाळ मांडीवर घेऊन बसणाऱ्यांची कमतरता कधीच नसते. स्वयंपाक, कपडे, भांडी यांना हात लागला तर आईला बाळाजवळ बसता येतं. पाहुण्यांना "आत्ता नको, पुढच्या आठवड्यात या" हे कोणी सांगायचं तेही ठरवा. माझं स्पष्ट मत असं की ज्याच्या घरचे पाहुणे, त्याने सांगायचं.

आणि वाढवण्याचे विषय. तुमच्या घरी ओरडत असत का, मारत असत का, त्यातलं काय पुढे न्यायचं आणि काय इथेच थांबवायचं. हे बोलायला अवघड आहे, पण प्रत्येकजण आपल्या घराचं वळण घेऊन आलेला असतो आणि ते दुसऱ्याला माहीत असायला हवं.

शरीरसंबंधांबद्दलही मोकळेपणाने बोला. डॉक्टरांनी काही कारणाने मनाई केली नसेल तर गरोदरपणात ते सुरक्षित असतात. पण इच्छा कमी-जास्त होते, आणि न बोलल्यामुळे दोघांनाही ते आपल्याला नाकारल्यासारखं वाटत राहतं.

६. खरेदी

थोडक्यात आटपा. सुरुवातीला लागतात ते सात-आठ मऊ सुती कपडे, भरपूर दुपटी, लंगोट किंवा डायपर, टोपी-मोजे, सपाट आणि घट्ट गादीची बाळाची वेगळी जागा, थर्मामीटर, आणि गाडीने जाणार असाल तर मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट. ती सीट गाडीत बसवून बघण्याचं काम आधीच करा. उशा, मऊ लोड, पाळण्याच्या कडेला लावायच्या गाद्या घेऊ नका, कोणी दिल्या तर बाळाच्या झोपायच्या जागेत ठेवू नका. सगळ्यात लहान मापाचे कपडे थोडेच घ्या, बाळाला ते फार लवकर अपुरे पडतात.

हॉस्पिटलची बॅग ३६ व्या आठवड्यापर्यंत भरून दाराजवळ ठेवा. फाईल, पुढून उघडणारे कपडे, मोठे पॅड, चपला, दोघांचे टूथब्रश, लांब वायरचा चार्जर, बाळाचे दोन-तीन जोड, आणि बाबासाठीही कपडे आणि काही खायला. बॅग बाबाने भरावी किंवा निदान दोघांनी मिळून भरावी. ऐन वेळी "पॅड कुठे आहेत" हे विचारायला ती शुद्धीवर आणि निवांत असेलच असं नाही.

७. कळा सुरू झाल्या की

शेवटच्या महिन्यांत पोट मधूनमधून कडक होतं. चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं की ते थांबतं. खऱ्या कळा कशानेही थांबत नाहीत. त्या जवळ येत जातात, लांबत जातात आणि वाढत जातात. ओळखायचा मार्ग एकच: घड्याळ आणि वही. कळ सुरू झाल्याची वेळ लिहायची आणि ती किती सेकंद टिकली ते लिहायचं. दोन कळांमधलं अंतर एकीच्या सुरुवातीपासून पुढचीच्या सुरुवातीपर्यंत मोजतात, पहिली संपल्यापासून नाही. वहीचं पान असं दिसेल:

१०:०५, ४५ सेकंद
१०:१२, ५० सेकंद
१०:१८, ५५ सेकंद

म्हणजे आधी सात मिनिटांचं अंतर, मग सहा, आणि कळ लांबते आहे. दर पाच मिनिटांनी, एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं, हा पहिलटकरणीसाठीचा नेहमीचा नियम. हॉस्पिटल लांब असेल किंवा डॉक्टरांनी लवकर यायला सांगितलं असेल तर त्याआधीच निघा.

पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी हॉस्पिटलला कळवा. वेळ आणि रंग लक्षात ठेवा. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, खूप रक्त असेल, किंवा योनीमार्गात नाळ आल्यासारखी वाटली तर एक मिनिटही न घालवता रुग्णवाहिका बोलवा.

पहिल्या खेपेचा सुरुवातीचा टप्पा लांब असू शकतो, अगदी दिवसभराचाही. त्यात शक्ती संपवू नका. जमेल तेवढं झोपा, डॉक्टरांची हरकत नसेल तर हलकं खा. गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापुढचा टप्पा पहिल्या बाळंतपणात सहसा १२ तासांपेक्षा जास्त जात नाही, आणि त्यानंतरचं जोर देणं तीन तासांपर्यंत चालू शकतं. हे आकडे माहीत असले की "इतका वेळ का लागतोय" या विचाराने धीर सुटत नाही.

आईला हवं असलेलं माणूस पूर्ण वेळ तिच्याजवळ असावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तुमच्या हॉस्पिटलमध्ये ते चालतं का, हे आधीच विचारा. बाबाला आत असताना करता येण्यासारखं बरंच आहे. कळ येताना माकडहाडाच्या वरच्या भागावर तळहाताच्या टाचेने दाब द्यायचा, आणि कळ ओसरेपर्यंत तो तसाच ठेवायचा. किती जोर हवा ते ती सांगेल, बहुधा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त लागतो. घोट घोट पाणी द्यायचं. अर्ध्या तासाने स्थिती बदलायची आठवण करायची. तिला बोलायचं नसेल तेव्हा नर्सच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. माझ्या कळांमध्ये नवरा प्रत्येक कळेला फक्त "आता उतरायला लागली" एवढंच सांगायचा, वहीकडे बघून, आणि मला तेवढं एक वाक्य पुरत होतं.

सिझेरियनबद्दलचे प्रश्न ३५-३६ व्या आठवड्यातच विचारून ठेवा. कोणत्या कारणांनी करतात, बाबाला आत घेतात का, बाळ लगेच अंगावर देतात का. ऐन वेळी सुचवलं गेलं आणि परिस्थिती तातडीची नसेल तर तीन गोष्टी विचारा: कारण काय, थोडं थांबलं तर काय होईल, दुसरा पर्याय आहे का. तातडीची असेल तर सही करा आणि तिचा हात धरा.

८. पहिला तास

आई आणि बाळ ठीक असतील तर बाळाला पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून पांघरायचं. नाळ किमान एक मिनिटानंतर कापली तर बाळाला जास्त रक्त मिळतं. पहिल्या तासात बाळाला अंगावर पाजायला घ्यायचं, आंघोळ २४ तासांनंतर. यातलं काय काय तिथे पाळतात ते आधी विचारून ठेवा.

बाळाला मिळणाऱ्या अपगार गुणांवरून मन लावून घेऊ नका. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५२ साली ही पद्धत मांडली. बाळाचा रंग, नाडी, प्रतिसाद, स्नायूंची ताकद आणि श्वास यांना १ आणि ५ मिनिटांनी गुण देतात. पूर्ण १० गुण क्वचितच मिळतात, कारण बहुतेक बाळांचे हातपाय सुरुवातीला निळसर असतात. त्या वेळी बाळाला मदत लागते का, एवढंच त्यातून बघतात.

९. पाजणं

अंगावर पाजणं नैसर्गिक आहे, पण आपोआप जमत नाही. दोघांनाही शिकावं लागतं, आईला आणि बाळाला. पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर चीक येतो, तो चमचाभरच दिसतो. बाळाला तेव्हा तेवढाच पुरतो. "दूधच नाही" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. पान्हा साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो.

बाळ नीट लागलंय का, हे बाबाला बाजूने जास्त चांगलं दिसतं. बघायचं असं: बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं. हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून थोडा दिसेल, खालून जवळजवळ नाही. गाल आत ओढले जात नाहीत, आणि थोड्या वेळाने गिळल्याचा बारीक आवाज येतो. सुरुवातीच्या काही क्षणांनंतरही दुखत राहिलं तर बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून ओढ सोडवा आणि पुन्हा लावा. दुखणं सहन करत राहिलं की चिरा पडतात. दोन दिवसांत जमलं नाही तर स्तनपान सल्लागाराला बोलवा.

दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. पुरतंय की नाही ते लंगोट सांगतो: पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, आणि पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त. शी आधी काळी-चिकट, चार-पाच दिवसांत पिवळी. वजन पहिल्या दिवसांत थोडं घटतं आणि दोन आठवड्यांत जन्मावेळच्या वजनावर येतं. १० टक्क्यांहून जास्त घटलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध पुरतं, पाणीसुद्धा लागत नाही. काही कारणाने वरचं दूध द्यावं लागलं तर डब्यावर दिलेलं प्रमाण काटेकोर पाळा, पातळ करून पुरवू नका. आणि त्याचा अपराधीपणा बाळगू नका.

कावीळ खूप बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. पहिल्या २४ तासांत दिसली, पायांपर्यंत उतरली किंवा बाळ पाजायलाही उठत नसेल तर लगेच दाखवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप म्हणजे थेट हॉस्पिटल, घरी औषध देऊन बघायचं नाही.

१०. झोप आणि रात्रीच्या पाळ्या

बाळाला प्रत्येक झोपेला पाठीवरच झोपवा. १९९० च्या दशकात अनेक देशांनी हा सल्ला घरोघरी पोचवला आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. खोली तुमचीच, पण गादी वेगळी. उशी नाही, सैल पांघरूण नाही, खेळणी नाहीत. सगळ्यात धोकादायक म्हणजे बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागणं. पेंग येते आहे असं वाटलं की बाळ दुसऱ्याकडे द्या.

रात्रीच्या पाळ्या लावा. उदाहरणार्थ, नऊ ते दोन एकाची आणि दोन ते सात दुसऱ्याची. अंगावर पाजत असाल तरी पाळी लागते. बाबाने बाळ उचलून आणायचं, लंगोट बदलायचा, आईकडे द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढायचा आणि झोपवायचं. तिने फक्त पाजायचं, अंथरुणातून उठायचं नाही. सलग चार तास झोप मिळालेली आई आणि न मिळालेली आई यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पलंगाजवळ वही ठेवा: वेळ, कोणती बाजू, शू, शी. पाळी बदलताना एकमेकांना उठवून विचारायची गरज उरत नाही.

रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहा ते आठ आठवड्यांना सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांनी ओसरतं. पाजलं, लंगोट बदलला, ताप नाही, तरी रडतंय आणि तुमचा तोल सुटतोय असं वाटलं, तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं खोलीबाहेर जा. बाळाला कधीही गदगदा हलवू नका. काही सेकंदांत मेंदूला कायमची इजा होते. घरात बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा.

११. आईचं शरीर, दोघांचं मन

अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं, हळूहळू कमी आणि फिकट होत. तासाभरात एक मोठा पॅड पूर्ण भिजणं, ताप, घाण वास, तीव्र डोकेदुखी किंवा धूसर दिसणं, पोटरीत दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप, यातलं काहीही झालं तर तातडीने जा. रक्तदाबाचा धोका बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत राहतो, हे अनेकांना माहीत नसतं.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास विनाकारण रडू येणं अगदी नेहमीचं आहे. ते दोन आठवड्यांत जातं. गेलं नाही, बाळाजवळ जावंसं वाटेना, बाळ झोपलेलं असूनही झोप येईना, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत राहिलं, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. १९८७ साली तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे, डॉक्टरांकडे मागून भरा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी मदत घ्या, आईला एकटं ठेवू नका. नैराश्य बाबांनाही येतं, साधारण दहात एकाला. ते चिडचिड, गप्प होणं, कामात बुडून राहणं अशा रूपात दिसतं. म्हणून आठवड्यातून एकदा दोघांनी एकमेकांना एवढंच विचारा: "झोप किती झाली? सगळ्यात जड काय जातंय?" आणि उत्तर ऐकून लगेच उपाय सुचवू नका.

१२. सहा आठवड्यांची तपासणी आणि पुढे

बाळाच्या लसींची तारीख कोणी चुकवत नाही, आईची तपासणी मात्र राहून जाते. तिची वेळ बाबाने घ्यावी. टाके, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीवरचा ताबा, मनःस्थिती, सगळं विचारा. खोकताना लघवी सुटत असेल तर "बाळंतपणानंतर होतंच" म्हणून सोडू नका, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात आणि त्यांचा उपयोग होतो. गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर ६ ते १२ आठवड्यांत साखर पुन्हा तपासा.

कुटुंबनियोजनाचं याच भेटीत, किंवा त्याआधीच, ठरवा. पाळी परत येण्याआधीही दिवस जाऊ शकतात, आणि अंगावर पाजत नसाल तर बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातही. पुढच्या गर्भधारणेत किमान दोन वर्षांचं अंतर ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जन्मनोंदणी झाली नसेल तर तेही काम आता पूर्ण करा. नावाचं, आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग दाखला हातात पडण्यापूर्वी दोघांनी वाचून बघा, नंतर दुरुस्तीला फार खेपा होतात.

आई कामावर परतणार असेल तर त्याआधी दोन-तीन वेळा बाळाला बाबाजवळ ठेवून अर्धा दिवस बाहेर जा. काढून ठेवलेलं आईचं दूध खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, बाटलीवर तारीख-वेळ लिहा. त्या अर्ध्या दिवसात तिने फोन करून सूचना द्यायच्या नाहीत आणि त्याने प्रत्येक गोष्ट विचारायला फोन करायचा नाही. धोक्याच्या खुणा, डॉक्टरांचा नंबर आणि पाजण्याच्या वेळा फ्रिजच्या दारावर लावून ठेवल्या की पुरे.